घरच्यांची पंगत

प्रिय ज्ञानू,

पोट भरलं ना? मग आता निवांत बसून वाच. सोबत फोटोग्राफर आणला असशीलच, आणि पिशवीत माझ्या नावाची निळी जर्सी, करार, सहीसाठी ते तुझं जाड पेन. सगळं पिशवीतच राहू दे. मी घरी नाही आणि आज येणारही नाही.

आधी थोडं जुनं बोलू. तुझं काम असलं की तूच जुन्या गोष्टी काढतेस, आज मी काढते. साखर कारखान्याच्या कॉलनीतलं ते सिमेंटचं कोर्ट आठवतं? एका रिंगला जाळीच नव्हती, आणि गळीत सुरू झालं की मळीच्या वासानं डोकं उठायचं. कोपरगावात पोरी बास्केटबॉल खेळतात म्हणून लोक सायकली थांबवून बघायचे. तू उंच, म्हणून रिंगखाली. बेलापूरहून आलेली उझ्मा लांबून नेम धरायची. आणि मी बुटकी, म्हणून गार्ड. आपल्या टोकाकडून चेंडू पुढे आणायचा, कोण मोकळी आहे ते बघायचं आणि तिच्या हातात नेऊन द्यायचा. टाळ्या तुम्हाला. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, खरंच सांगते. बास्केट झालं की तू आधी माझ्याकडे बोट दाखवायचीस, तेवढं मला पुरायचं. मग तिघी आमच्या घरी. वडील, काका, आलेगेलेले जेवून उठले की आपण आईबरोबर चुलीपुढे बसायचो. शेंगोळ्यांचं पातेलं खरवडण्यावरून तुझं नि उझ्माचं भांडण ठरलेलं.

तुझ्या लग्नातही आम्ही दोघींनीच बादल्या उचलल्या. मी बुंदी वाढली, उझ्माने वरण. तुझ्या सासरची माणसं, गाव, कारखान्याचे साहेब, सगळ्यांच्या पंगती उठल्यावर आम्ही बसलो, तेव्हा बुंदी संपली होती आणि वरणाच्या बादलीत पळी खडखडत होती. तुझी आत्या म्हणाली, "तुमी घरच्याच हाय, पोरींनो. घरच्यांनी मागंच बसायचं असतं." तो कोरडा भात मी अगदी खुशीत खाल्ला. घरची म्हटलं होतं ना मला.

तू नगरच्या संघाची मॅनेजर झालीस तेव्हा कॉलनीत पेढे मी वाटले. पुढे तीन वर्षांपूर्वी तू याच ओसरीवर बसून मला समजावलंस. लीगने प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा घातली आहे, त्या मर्यादेत केरळची ती उंच सेंटर बसवायची तर कुणीतरी कमी घ्यायला हवं. "राजू, या वेळी तू कमी घे. पुढच्या वेळी पहिली सही तुझी." आईने आतून विचारलं, "लिहून घेतलंस का गं?" तर मी तिच्यावरच खेकसले. ज्ञानूचा शब्द आहे, लिहून काय घ्यायचंय?

तो करार या उन्हाळ्यात संपला. मी मोकळी झाले, कुठल्याही संघाशी बोलू शकत होते. एकतिसावं वर्ष, ऑपरेशन झालेला गुडघा. हा माझ्या आयुष्यातला शेवटचा मोठा करार, हे तुलाही पक्कं ठाऊक होतं. मी फोन उशाशी घेऊन बसले. पहिली सही पंजाबच्या पोरीची झाली. मग चेन्नईची. मग आणखी दोघी आल्या. रोज मोबाईलवर तुझा हसरा फोटो आणि शेजारी नवा चेहरा. शेवटी लाज सोडून मीच फोन लावला. तू म्हणालीस, "अगं, तू काय घरचीच! तुझं मागून बघू." आणि वर मोठ्या कौतुकाने मला नियम शिकवलास. बाहेरची खेळाडू मर्यादेच्या आतच घ्यावी लागते, आपली जुनी खेळाडू मात्र मर्यादा भरल्यावरही ठेवता येते. तोवर तिच्या नावाने जागा राखायची, पण ती तिच्या जुन्या पगाराच्या मापाने. आणि माझा जुना पगार तुझ्याच शब्दाखातर एवढासा! म्हणजे तेव्हा मी कमी घेतलं, म्हणून आज तुला चार पाहुण्या बसवता आल्या. हुशार आहेस हो. फोन ठेवला आणि तुझ्या लग्नातला तो भात आठवला. या वेळी घशाखाली उतरेना.

तरीही मी थांबले असते. चिडले असते, आईपाशी रडले असते आणि तू दिलेल्या कागदावर सही केली असती. पण माझ्याकडे एकही संघ का फिरकत नाही, हे कळत नव्हतं. ते उझ्माने सांगितलं. ती आता नाशिकच्या संघाची कोच आहे. 'राजनंदिनीचा गुडघा गेलाय, एक हंगामही काढायची नाही,' असं तू संघासंघात फोन करून सांगितलंस. अगं, उझ्मालाही सांगितलंस! माझ्या शेजारी बसून तोच कोरडा भात खाल्लेल्या उझ्माला. कुणी मला विचारू नये आणि मी रिकामं ताट घेऊन तुझ्या दारात बसून राहावं, एवढ्यासाठी. ऑपरेशनला तू आली नाहीस, क्लबच्या नावाने फुलं आली, ते मी माफ केलं होतं. हे करणार नाही. मरेपर्यंत करणार नाही.

उझ्माने मला नाशिकला बोलावलं, कोर्टवर नेलं, स्वतः समोर उभी राहिली आणि तिलाच दम लागेपर्यंत पळवलं. मग खाली बसून म्हणाली, "गुडघा झकास हाय तुझा. डोकं तेवढं शांत ठेव." डोकं शांत ठेवायला मला जमलं नाही. जमवायचंही नव्हतं.

मी नाशिकशी करार केला आहे. दोन वर्षांचा. तू देणार होतीस त्यापेक्षा पैसे कमीच, कारण त्यांना मला मर्यादेच्या आत बसवावं लागलं. माझं नुकसान झालं, ते मी सोसेन. पण त्यांच्या यादीत पहिली सही माझी आहे. आता तुझा लाडका नियम तू पुन्हा वाच. मर्यादा ओलांडायची मुभा फक्त माझ्यासाठी होती. मी गेले, मुभाही गेली. उरली ती माझ्या नावाची एवढीशी जागा, तिच्यात कॉलेजातली एखादी नवखी पोर येईल. चार पाहुण्या पानावर बसल्यात, ज्ञानू, आणि वाढायला कुणी नाही. बाजारात अनुभवी गार्ड होत्या, त्या तू माझ्या भरवशावर सोडून दिल्यास. मला आधी सांगता आलं असतं. मुद्दाम नाही सांगितलं. उझ्माला बातमी दाबून ठेवायला लावली, शेवटची मोकळी गार्ड पुण्याला गेल्याचं वाचलं आणि मग तुला फोन करून जेवायला बोलावलं. "येते, सहीच उरकून टाकू," तू म्हणालीस. "ये," मी म्हटलं. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मला गाढ झोप लागली. हंगामाचा पहिला सामना नगरलाच आहे, तुमच्याशी. गुडघा कसा आहे ते तू पहिल्या रांगेत बसून बघ.

हे सगळं फोनवर सांगून तुझा कोपरगावचा हेलपाटा वाचवता आला असता. पण आई म्हणाली, "काय करायचं त्ये कर, पर ती माझ्या हातचं जेवल्याबिगर कधी गेली न्हाई. तिला उपाशी लावू नगं." ते मला पटलं. म्हणून तिला शेंगोळे करायला सांगितले, आणि बजावलं की तुझे हात धुऊन झाल्यावरच हे पत्र द्यायचं. आणखी एक सांगितलं. तुला चुलीपुढे बसवायचं नाही. बाहेरच्या खोलीत पाट मांडायचा, ताटाभोवती रांगोळी काढायची, आणि घरातलं कुणीही जेवायच्या आधी तुला एकटीला वाढायचं. इतक्या वर्षांत या घरात तुझं एवढं कौतुक झालं नव्हतं, पाटावर बसताना बरं वाटलं असेल. आमच्याकडे पाहुण्यांना पहिल्या पंगतीला बसवतात.

एके काळी तुझ्या घरची,
राजनंदिनी