चांदीवाल्याला दिलेल्या निगेटिव्ह

अण्णा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदाच तुम्हाला लिहितेय, तेही रागाच्या भरात. राग आहे तो नाहूरच्या एका फ्लॅटमध्ये दर रविवारी सकाळी जमणाऱ्या दहा-बारा माणसांवर. ही माणसं रोलवर फोटो काढतात. आजच्या काळात, प्रत्येकाच्या खिशात फोन असताना, निव्वळ हौसेखातर. तुमच्या कॅमेऱ्याचं शटर कधीचं अडकलं होतं. नोकरी सोडल्यापासून मला वेळच वेळ आहे, म्हणून तो घेऊन मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेले. तो म्हणाला, "अहो ताई, तुमच्या मुलुंडच्या बाजूलाच ग्रुप आहे ना. जाऊन तर बघा, वेडे आहेत सगळे." मी गेले.

पहिल्याच रविवारी एकाने त्याचा फोटो सगळ्यांना दाखवला. कॅमेऱ्याचं मागचं झाकण नीट लागलं नव्हतं, त्यामुळे अर्ध्या चेहऱ्यावर प्रकाशाचा पट्टा ओढलेला. मला वाटलं, आता बिचाऱ्याची सगळे मिळून खेचणार. तर सगळे पुढे सरकून म्हणतात, "काय झकास लाइट लीक आलाय यार!" दुसऱ्याने मुदत संपलेला रोल मुद्दाम शोधून आणला होता. माणसं हिरवी आली होती आणि तो विचारत होता, "मूड आलाय ना एकदम?" मूड म्हणे! अण्णा, नवरीच्या गालावर धुळीचा एक कण आला तर तुम्ही प्रिंट फाडून टाकायचात. ब्लेडने टोक काढलेली पेन्सिल घेऊन, श्वास रोखून, तुम्ही निगेटिव्हवरचे देवीचे व्रण एकेक करून भरायचात, मान आखडेपर्यंत. आणि इथे शिकलीसवरलेली माणसं बिघडलेल्या फोटोला फ्रेम करतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, पुन्हा तिथे पाऊल टाकणार नाही.

चूक म्हणजे काय ते मी अकराव्या वर्षी पाहिलंय. शाळेतून धावत आले आणि स्टुडिओच्या मागच्या डार्करूमचं दार धाडकन उघडलं. तुमच्या हातात एका लग्नाचा रोल होता, धुवायचा राहिलेला; उजेड लागून अख्खा वाया गेला. तुम्ही एवढंच म्हणालात, "दार कित्याक उघडलस गो?" दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन त्या लग्नघरी गेलात. मला वाटलं, मला माफी मागायला लावणार. नवरीचे वडील तुम्हाला अख्ख्या चाळीसमोर वाट्टेल ते बोलत होते. दुकान बंद करा म्हणाले, भाजी विका म्हणाले. तुम्ही मान खाली घालून सांगितलंत, "कॅमेऱ्यात रोल नीट बसला नव्हता. चूक माझी आहे." मी माझ्या चपलांकडे बघत होते. येताना तुम्ही मला उसाचा रस पाजलात आणि तो विषय आपल्या घरात पुन्हा कधी निघाला नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलेच. ज्या मुलीचं ते घर आहे तिने दुसऱ्या बाथरूमची डार्करूम केलीय. खिडकीला काळा कागद, वर लाल दिवा. ती म्हणाली, "काकी, आत या ना. फक्त दार घट्ट लावा हां." आत गेले आणि हायपोचा, फोटो पक्का करायच्या त्या रसायनाचा वास आला, तुमच्या शर्टांना यायचा तोच. मी पालथ्या बादलीवर बसून रडले. ती बावरली, "काय झालं? काही चुकलं का माझं?" मी म्हटलं, "नाही गं, तुझं काही नाही चुकलं." मग मी तिला ट्रे कसा हलवायचा ते दाखवलं, तुम्ही हलवायचात तसा, एका कोपऱ्याला बोट लावून. तेव्हापासून ती सगळी माझी वाट बघतात. तुम्ही काम कसं करायचात, हे या मुलुंडमध्ये मला बावीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. ही मुलं विचारतात. म्हणून मी त्यांच्या हिरव्या माणसांना नावं ठेवत ठेवत जाते, एकही रविवार चुकवत नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्यातल्या एका दाढीवाल्याने विचारलं, "काकी, तुमच्या वडिलांच्या निगेटिव्ह कुठायत? म्हणजे अर्ध्या मुलुंडची लग्नं असतील त्यात!" मी म्हटलं, "चांदीवाल्याला दिल्या त्यांनी." काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते, ती काढून घ्यायला पूर्वी स्टुडिओंत माणूस यायचा आणि जुन्या निगेटिव्ह किलोवर न्यायचा, हे मी त्यांना समजावून सांगितलं. तो मुलगा उसळला. "किलोवर? शी! आपल्या कामाची काही किंमतच नसते ना या लोकांना!" या लोकांना! मिलमध्ये राबलेल्या बापाचा मुलगा तुम्ही, स्वतःच्या हिमतीवर स्टुडिओ काढलात, आणि हा कालचा पोरगा तुम्हाला 'हे लोक' म्हणतो. मी चांगलीच तडकले. "तोंड सांभाळून बोल रे, तुला काय माहितीये त्यांच्याबद्दल?" म्हटलं. त्याने माफी मागितली. पण दुपारी ग्रुपवर भलामोठा मजकूर टाकलाच, की शहराचे चेहरे जपायचे ज्यांच्या हातात होते त्यांनीच ते भंगारात घातले, आपल्या काकींच्या वडिलांसारख्यांनी. वर मला विनंती, येत्या रविवारी मी त्यांच्यासमोर तुमच्या स्टुडिओबद्दल बोलावं.

तुम्ही काही दिलं नव्हतंत, अण्णा. तुम्ही गेल्यावर तीन महिन्यांच्या आत मीच चांदीवाल्याला बोलावलं. आई आधीच गेली होती, आम्ही तुमच्या दोन खोल्यांत राहायला आलो होतो आणि मला माळ्यावर गाद्या ठेवायच्या होत्या. बस, एवढंच कारण. तुम्ही तो माणूस कितीदा दारातून परत पाठवला होता. म्हणायचात, माणूस गेला की घरचे येतात मोठा फोटो करून मागायला, तेव्हा त्यांना काय सांगू? आणि खरंच आले. पहिली आली ती मागच्या गल्लीतली बाई. तिचा नवरा गेला होता, घरात त्याचा एकही धड फोटो नव्हता. मी दारातच सांगितलं, "अण्णांनीच जाण्याआधी देऊन टाकल्या सगळ्या." ती म्हणाली, "असं कसं केलं गं त्यांनी?" आणि जिना उतरून गेली. त्यानंतर जो आला त्याला मी हेच सांगितलं. आता ते इतकं सहज तोंडात येतं की गेल्या आठवड्यात सांगताना जीभसुद्धा अडखळली नाही.

आणि तुमच्यावरही राग आहे, आता निघालाच आहे तर ऐका. त्या लग्नघरी तुम्ही मला पुढे का नाही केलंत? दोन शब्द बोलायला लावायचे होते. मार खाल्ला असता तरी चाललं असतं. तुम्ही माझी चूक मुकाट्याने स्वतःच्या अंगावर घेतलीत आणि मला सवय लागली. तुम्ही जिवंत असताना लागली आणि गेल्यावरही सुटली नाही. मेलेल्या माणसावर ढकललं की कोणी उलट बोलत नाही. हे लिहितानाही मी पुन्हा तुमच्यावरच ढकलतेय, कळतंय मला.

त्या मुलाच्या मजकुराखाली सगळ्यांनी मला लिहिलंय, 'सो सॉरी काकी', 'किती वाईट वाटलं असेल तुम्हाला'. खरं लिहायला मी चारदा फोन हातात घेतला. अर्धं वाक्य लिहायचं आणि पुसायचं. ती मुलगी मला पुन्हा आत बोलावेल का, एवढाच विचार मनात येत होता. शेवटी हात जोडलेलं चिन्ह टाकलं आणि फोन पालथा ठेवला. मगाशी उघडून पाहिलं तर दाढीवाल्याने त्यावर बदाम दिलाय.