मुलाण्याच्या पोरीच्या हातचं

अब्बा, मला किळस आलीय. दुसरा शब्द शोधत बसले नाही, कारण फिरवून बोललेलं तुम्हाला कधीच आवडलं नाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, कालवण ढवळताना, डबे पुसताना, नमाजनंतर हात वर केल्यावर. पण कागदावर हे पहिल्यांदाच. घरात आपण दखनी बोलायचो, गावात मराठी, आणि लिहायला शाळेनं मला मराठीच दिली, तेव्हा मराठीत लिहिते. तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे मला. कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि हे असलं कुणाच्या तोंडून ऐकायचं? राहू दे. जुम्म्याची दुपार आहे, डबे गेलेत, ओट्याशी स्टूल ओढून लिहायला बसलेय, आणि हाताला अजून वास आहे असं वाटतंय. तीन वेळा साबण लावला. लिंबू चोळलं. शी! जात नाही तो.

तुमच्या मागं धाकट्यानं सोलापुरातच दुकान टाकलं, शुक्रवार पेठेत, माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर. चिकनचं दुकान. वर हिरव्या दिव्यांची पाटी, त्यावर ‘हलाल’ एवढं मोठं की रिक्षावाले पत्ता सांगताना ती पाटी सांगतात. खाली बारीक अक्षरात ‘पिढीजात मुलाणी’. ती पिढी म्हणजे गावोगाव बकरी हलाल करत फिरलेले तुम्ही, अब्बा. माझा हा भाऊ आता पाचही वक्त पहिल्या रांगेत उभा असतो, कपाळावर सजद्याचा डाग आहे, दाढी छान राखलीय, आणि त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. नमाजी माणूस बघितला की मला बरंच वाटतं. पण हा माझ्या घरी आला की चहाच्या आधी बिस्किटाचा पुडा उलटा करतो, चष्मा लावतो आणि पाठीमागची अक्षरं वाचत बसतो. “आपा, ह्यात काय काय घालतात तुला म्हाईत न्हाय.” माझ्या लेकीच्या वाढदिवसाला केक आणला तर यानं तो कापू दिला नाही, बेकरीवाल्याला फोन लावून जिलेटिन कसलं वापरता म्हणून अर्धा तास हुज्जत घातली, पोरगी रडवेली झाली. तेव्हा मी त्याचीच बाजू घेतली. म्हटलं, बरोबर आहे त्याचं, मुलाण्याचं रक्त आहे, घास तपासूनच तोंडात घालणार. खोटं कशाला बोलू, मला अभिमान होता त्याचा. माझ्या डब्यांचं सगळं चिकन त्याच्याकडूनच यायचं. चाळीसेक डबे देते मी आता: नर्सबाया, कॉलेजची पोरं, आणि मुलं परगावी गेलेली म्हातारी माणसं.

त्या मंगळवारला दहा दिवस झाले. चिकन आलं नव्हतं, हा फोन उचलत नव्हता, म्हणून दुपारी एकला मीच गेले. मे महिना, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. शटर अर्धं खाली. वाकून आत शिरले तर आधी अत्तराचा वास आला आणि मग त्याच्या खालून दुसरा. कोंबड्यांचा टेंपो पंक्चर होऊन सकाळभर उन्हात उभा राहिला होता म्हणे. जाळ्यांतल्या निम्म्या कोंबड्या चोची वासून, माना टाकून, एकमेकींच्या अंगावर मरून पडलेल्या. आणि माझा भाऊ त्या मेलेल्या कोंबड्या पाय धरून एकेक बाहेर काढत होता, “बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर” म्हणत होता, आणि गळ्यावर सुरी फिरवत होता. रक्त उडत नव्हतं. काळपट, चिकट दोन थेंब यायचे, की टाकली जिवंत कापलेल्यांच्याच ड्रममध्ये. अब्बा, मी आयुष्यात घाण पुष्कळ उपसलीय. सासूचं अंथरूण दोन वर्षं धुतलं, कधी नाकाला पदर लावला नाही. पण ते पाक नाव आणि ते मढं एका श्वासात ऐकलं आणि मी बाहेर येऊन गटारीवर ओकले.

तो पाठोपाठ बाहेर आला. आम्ही भांडलो ते दखनीत, इथं मराठीत सांगते.

“आपा, मोठ्यानं नको बोलूस. शेजारी लोक हायत.”

“मेलेली आहे ती.”

“गरम होती की. हात लावून बघ, आजून गरम हाय.”

“सोलापुरात मे महिन्यात शटरसुद्धा गरम असतं रे!”

“मग? बिस्मिल्ला तर म्हणतोय की मी. दर उन्हाळ्याला मरत्यात, फुकट टाकून द्यायच्या का एवढ्या?”

असं म्हणाला आणि जमातीच्या नमाजला उशीर होतोय म्हणून वजू करायला लागला. कोपरापर्यंत हात धुतले, तीन वेळा चूळ भरली, टोपी झटकून घातली, आणि माझ्याकडे न बघता मशिदीकडे गेला. मी तिथंच उभी, तोंडाला पदर लावून.

गरम होती म्हणे! हे आपण दोघांनी आधी ऐकलंय, अब्बा. अकलूजकडच्या त्या उसाच्या मळ्यावर. मी दहा-अकरा वर्षांची, तुमचा पाण्याचा तांब्या धरायला बरोबर आलेली. तेव्हा हिंदू असो नाहीतर मुसलमान, मुलाणी आल्याशिवाय बकऱ्याला सुरी लागत नव्हती. तुम्ही आधी जनावराला पाणी पाजायचात, मानेवरून हात फिरवायचात, सुरी त्याच्या डोळ्यांसमोर कधी काढायचा नाहीत. त्या दिवशी आपण पोचतो तर शेळी गोठ्याबाहेर आडवी पडलीय. ओला लसूणघास खाऊन पोट टम्म फुगलेलं. चुलीवर हंडा चढलाय, कांदा-खोबरं भाजल्याचा वास सुटलाय, ओसरीवर पाहुणे बसलेत. तुम्ही उकिडवे बसता, तिच्या डोळ्याला बोट लावता. पापणी हलत नाही.

“मालक, हिच्यात जीव न्हाय.”

“आत्ता गेलाय वो. गरम हाय आजून. फिरवा की सुरी, कोन इचारतंय? पावनं बसल्यात.”

“गरम तर चूल बी असती, मालक. तिला बी हलाल करू?”

ओसरीवरचे पाहुणे हसले. मालक हसले नाहीत. तुम्ही तांब्या माझ्या हातात दिलात आणि आपण कालव्याच्या कडेनं चालत घरी आलो. मी रस्ताभर रडले, कारण मला मटण खायचं होतं. त्या मळ्यावरनं पुढं कधी बोलावणं आलं नाही. घरी अम्मीनं डाळ-भाकरी वाढली, तुम्ही बिस्मिल्ला म्हणून ती अशी खाल्लीत जशी काही दावतच आहे, आणि मला तुमचा इतका राग आला होता! चार लोकांत हशा करून आलात, पण पोरीच्या ताटात काय पडणार याचा विचार केला नाहीत, असं वाटलं होतं. तो राग बरीच वर्षं होता, आज सांगते.

दुसराही एक दिवस आठवतो. अम्मी माहेरी गेलेली, मी चौदाची, स्वयंपाक माझ्याकडं. आदल्या दिवशीचं कालवण आंबलं होतं आणि मला ते कळलंही होतं. टाकवेना म्हणून मी ते पुन्हा उकळून दारातल्या फकिराला वाढलं. तुम्ही त्याच्या हातातली थाळी अदबीनं काढून घेतलीत, त्याला तुमच्या वाट्याची भाकरी दिलीत, आणि मला मागच्या दारी नेऊन म्हणालात, “हलाल झालं म्हंजी अर्धंच झालं. ते चांगलं बी पायजे, ताजं बी पायजे. बिस्मिल्लानं नासलेलं गोड होत न्हाय.” हात उगारला नाहीत. उगारला असतात तर बरं झालं असतं. तेव्हापासून माझं नाक हे असं झालंय: दूध असो, तेल असो, मटण असो, आधी नाकाला लावल्याशिवाय मी पातेल्यात टाकत नाही. घरातले हसतात मला, मांजर म्हणतात.

त्या मंगळवारपासून भावाकडचं सगळं बंद केलं. डब्यात अंडी, डाळ, वांगी. नर्सबाया विचारतात, “आपा, चिकन कुठं गेलं?” मी म्हणते, उन्हाळा आहे ना, पचत नाही. बघा, मलाही कारणं सुचायला लागली. नमाजला उभी राहते तोवर ठीक असतं. सजद्यात हात नाकाजवळ येतात, आणि कपाळ जमिनीला टेकलेलं असताना माझ्या डोळ्यांपुढं कोंबडीची निळी पडलेली मान येते. हरामाचा घास खाणाऱ्याची दुआ कबूल होत नाही असं ऐकत आलोय आपण. खाऊ घालणाऱ्याचं काय होतं ते विचारायची हिंमत झाली नाही मला. आणि हा आपला शहाणा! आज सकाळी यानं घरातल्या सगळ्यांना फोनवर बोलून पाठवलंय, हलाल रोजीत किती बरकत असते म्हणून. गळा दाटलेला, मध्येच हुंदका. थू! गावाकडं म्हणायचे ना, वरून कीर्तन आतून तमाशा, त्यातली गत. त्याची बायको येऊन गेली काल-परवा, बिचारी मान खाली घालून म्हणाली, “आपा, घरातली गोष्ट घरात राहू द्या.” घरात कुठं राहिलीय ती? चाळीस घरांच्या पोटात गेलीय.

त्या चाळीसांत एक चाचा आहेत. तुम्ही शेवटच्या आजारपणात माझ्याकडं होतात, तेव्हा संध्याकाळी मशिदीच्या पायरीवर तुमच्याजवळ बसायचे ते. जन्मभर मागावर काम केलं, त्या खडखडाटानं कान गेले. आता ऐंशीच्या पुढं आहेत, बायको गेली, मुलं पुण्यात. बाहेर कुठं मटण-चिकनला शिवत नाहीत, लग्नाच्या दावतीतसुद्धा नुसतं गोड खाऊन उठतात. कुणी आग्रह केला की म्हणतात, “मी मुलाण्याच्या पोरीच्या हातचंच खातो. तिथं विचारावं लागत नाही.” हे ते सगळ्या मोहल्ल्यात सांगतात, आणि ते ऐकून माझी मान किती ताठ व्हायची काय सांगू. दात नाहीत म्हणून त्यांच्या डब्यातलं हाड मी आधीच काढून टाकते. रमजानचे तीसही रोजे त्यांनी माझ्या डब्यावर सोडले.

काल त्यांचा डबा घेऊन मी स्वतः गेले. बाकीच्यांना काय सांगायचं ते बघू, पण यांना सांगायचंच, असं ठरवून गेले होते. हळू सांगायची सोय नाही, ऐकूच येत नाही त्यांना. खिडकी लावून घेतली, दार लावलं, आणि ओरडले, “चाचा, कोंबड्या मेलेल्या होत्या! आधीच मेलेल्या! भाऊ त्यांच्यावर सुरी फिरवत होता!” दोनदा ओरडावं लागलं. त्यांच्या हातात वरण-भाताचा घास होता, तो त्यांनी ताटात ठेवला. उठले, मोरीत जाऊन चूळ भरली. मग भिंतीला हात धरून, पाठमोऱ्यानंच, पुन्हा एकदा भरली. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि खरं सांगते, मला त्या हव्या होत्या. ते वळले आणि माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला.

“रडू नको, बेटी. न कळत पोटात गेलं, त्याचा गुन्हा लागत नाही. मला नाही आणि तुला पण नाही. तुला तरी कुठं माहीत होतं?”

मी मान हलवली. नाही म्हणून हलवली. ते खाली बसले, तुमच्यासाठी दुआ मागितली, अशी शिकवण दिली पोरीला म्हणाले, आणि राहिलेला वरण-भात जेवले.

अब्बा, मला माहीत होतं. सगळं नाही, पण एका दिवसाचं पक्कं माहीत होतं. रमजानच्या शेवटाला ऊन तापलं होतं. चिकन असरच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर आलं. धुवायला घेतलं तर पाणी चौथ्यांदाही लालच. पंखांच्या सांध्यात रक्त गोठलेलं, कातडी निळसर. एक तुकडा नाकाला लावला. रोजा होता, चाखता येत नव्हतं, पण चाखायची गरजच नव्हती. मी घड्याळ बघितलं. चाळीस डबे, मगरिबला, रोजा सोडायला, दीड तास राहिलेला. भावाला फोन करावा असं मनात आलं आणि केला नाही, कारण केला असता तर तो काहीतरी बोलला असता आणि मग मला ऐकावं लागलं असतं. कांदा परतायला टाकला. चाचांच्या डब्यातली हाडं नेहमीसारखी काढली.

हा कागद खरं तर तुमचा नाही. ज्यांचा आहे ते दोन गल्ल्यांवर राहतात, मराठी वाचतात, चष्माही आहे त्यांच्याकडे. उद्या डबा जाईल तेव्हा त्यात ठेवावा असं लिहिताना दोनदा वाटलं. नाही ठेवणार मी. त्यांनी मला माफ केलंय आणि ती माफी परत द्यायची माझी तयारी नाही.

आणि एक. त्या दिवशी सगळे डबे गेल्यावर अजान झाली, मी रोजा सोडायला बसले, आणि माझ्या ताटात मी फक्त खजूर आणि डाळ घेतली होती.