दमाची बचत

२ मार्च २०१६, बुधवार

आजपासून पुन्हा रोजनिशी. मागच्या सालची डायरी अर्धी कोरी राहिली होती, तिच्यातच वार खोडून लिहिते आहे. नवी कशाला.

मूळ मुद्दा. मला काहीही झालेलं नाही. परवा टँकरच्या रांगेत घागर उचलताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी खाली बसले. बसले. पडले नाही. शेजारच्या दानम्मानं पुण्याला फोन लावून 'पडली' असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इरेश दारात. एकुलता एक लेक, त्याचंही चुकत नाही. पण म्हणणं काय, तर आई, उदगीरला प्यायला पाणी नाही, तुमची दोघांची साठी उलटली, घराला कुलूप लावा आणि पुण्याला चला.

मी म्हटलं, उदगीर आता जिल्हा होणार आणि आपण आत्ताच उठून जायचं? तर म्हणतो, मी चौथीत होतो तवापासून होऊन राहिलाय तुमचा जिल्हा.

पुण्याला मी दिवाळीत राहून आले आहे. सातवा मजला. आपल्या खिडकीतून समोरच्याची खिडकी दिसते आणि तीही बंद. लिंगपूजेला बसायची जागा फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या मधली. दिवसभरात कुणी 'अक्का' म्हणून हाक मारत नाही. मला तिथं राहायला जायचं नाही. इथं लिहून ठेवते. इरेशला सांगितलं नाही, त्याला वाईट वाटेल.

शेवटी तह झाला. नव्या डॉक्टरीणबाई सांगतील तो व्यायाम दोघांनी करायचा. बसव जयंतीला इरेश येईल, मग डॉक्टरीणबाई चालायची परीक्षा घेतील. पास झालो तर उदगीर, नापास झालो तर पुणे.

आयुष्यात मी एकच मोठी परीक्षा दिली, मॅट्रिकची. पहिल्या झटक्यात पास. काळजीचं कारण नाही.

३ मार्च, गुरुवार

दवाखाना. डॉक्टरीणबाई पोरसवदा आहेत. मला आजी म्हणाल्या. कागदावर इंग्रजीत लिहून दिलं आणि समजावून सांगायला लागल्या, तेवढ्यात दानम्माचा फोन की टँकर गल्लीत वळला. मी कागद घेऊन उठले. हे मागं बोलत बसले. यांना बोलायला कुणीही चालतं.

घरी कागद वाचला. 'लो इम्पॅक्ट इंटरवल ट्रेनिंग.' लो म्हणजे कमी. इम्पॅक्ट म्हणजे धक्का. ट्रेनिंग म्हणजे सराव. आणि इंटरवल म्हणजे इंटरवल. लग्नानंतर तीनदा टॉकीजला गेले आहे, तिन्ही वेळा बघितला. एकूण अर्थ : धक्का न लागू देता विश्रांती घेण्याचा सराव.

पोरगी हुशार आहे. चाळीस वर्षं संसार केला, हा सल्ला मला कुणी दिला नव्हता.

हे म्हणाले, अगं ती तर जोरात, मग हळू, मग पुन्हा जोरात असं कायतरी सांगून राहिली होती. मी म्हटलं, तुमची सातवी, माझी मॅट्रिक.

७ मार्च, सोमवार. महाशिवरात्र

उपवास. उपवासाच्या दिवशी व्यायाम करू नये. केला नाही.

मठात अय्यांचं प्रवचन चांगलं झालं. म्हणाले, श्वास शिवानं मोजून दिलेला असतो. मी बसल्या बसल्या हिशोब केला. म्हणजे चालणं हा खर्च आणि बसणं ही जमा. जन्मभर घर मी याच नियमावर चालवलं. दमाला दुसरा नियम कसा असेल?

११ मार्च, शुक्रवार

इरेशनं पार्सलनं बूट पाठवले. पांढरे, वर हिरव्या रेघा. आमच्या गल्लीत सगळी खडी. घातले तर चार दिवसांत तळ झिजतील. कपाटात ठेवले. परीक्षेच्या दिवशी घालीन.

यांनी त्यांचे लगेच घातले. धोतरावर.

१५ मार्च, मंगळवार

ठरल्याप्रमाणे पहाटे चालायला निघाले. दानम्माच्या कट्ट्यापर्यंत गेले. तिथं इंटरवल घेतला. चांगला मोठा झाला. तेवढ्यात ऊन वर आलं, परत आले.

दानम्मानं विचारलं, अक्का, हे काय चाललंय? मी डॉक्टरांचा कागद समजावून सांगितला. ती म्हणाली, शिवशिव, नुसता इंटरवलच? पिच्चर कवा हाय मग?

अडाणी आहे. पण मनानं वाईट नाही.

२३ मार्च, बुधवार

दानम्माला पटलं. समोरच्या रत्नम्मालाही. तिचे गुडघे दुखायचे, कट्ट्यावर बसल्यापासून म्हणे तेवढा वेळ अजिबात दुखत नाहीत. आता पहाटे आम्ही तिघी असतो. रत्नम्मा चिवडा आणते. इंटरवलला काहीतरी तोंडात टाकायचं असतंच.

यांचं मात्र विचित्र चाललंय. टँकर कोपऱ्यावर थांबला की हे रिकामे कॅन घेऊन तुरुतुरु जातात, येताना भरलेले घेऊन सावकाश. ओतले की पुन्हा तुरुतुरु. मी म्हटलं, एका चालीनं चालावं माणसानं, लोक हसतात. तर म्हणाले, बरं वाटतंय.

दम उधळून राहिलेत. नंतर मलाच निस्तरावं लागणार.

८ एप्रिल, शुक्रवार. पाडवा

गुढी उभारली. कलशात पाणी अर्धाच तांब्या. तेच नंतर रोपाला घातलं.

नव्या वर्षाचा संकल्प : रोज मठापर्यंत चालत जायचं. उद्यापासून.

९ एप्रिल, शनिवार

निघाले. कोपऱ्यावर गेले आणि मागून हॉर्न आला. टँकर समजून परत पळत आले. कडब्याचा ट्रॅक्टर होता.

पळाल्याचा खर्च मोठा झाला. दिवसभर बसून भरून काढला.

१२ एप्रिल, मंगळवार

लातूरला रेल्वेनं पाणी आलं. टीव्हीवर दिवसभर तेच. दानम्मा म्हणाली, बघा, पाणीसुदिक मिरजेहून चालत आलं, आपण अजून कट्ट्यावरच. रत्नम्मा चिवडा सांडेपर्यंत हसली.

मी हसले नाही. बाहेर जावं तर टँकर चुकतो. घरात बसावं तर स्लॅब तापतो. दार लावलं तर गुदमरतं, उघडलं तर धूळ. माणसानं व्यायाम करायचा कुठं? डॉक्टरीणबाईंना हे प्रश्न पडत नसतील.

२० एप्रिल, बुधवार

इरेशचा फोन. व्यायाम चाललाय का? मी म्हटलं, रोज न चुकता. रोज दोन इंटरवल होतात, कधी चारसुद्धा.

पलीकडं पोरगं म्हणालं, चार? आई, खरंच? सूनबाईला हाक मारून सांगितलं, अगं, आई चार इंटरवल करते! सूनबाई फोनवर आली. म्हणाली, आई, माझे तर दोनातच पाय भरून येतात. मला नवल वाटलं. बसून पाय भरून येणं हे अशक्तपणाचं लक्षण. मी म्हटलं, बाळा, एकदम जास्त करू नकोस, सवयीनं वाढतं.

इरेश म्हणाला, आई, तू तर नक्की पास.

फार बरं वाटलं. गोड शिरा केला.

२६ एप्रिल, मंगळवार

पापड वाळत घालायला गच्चीवर गेले. मधल्या पायरीवर थांबावं लागलं. कानात ठोके. वर पोचल्यावर पापडांच्या शेजारी मीच पडले. पडले म्हणजे आडवी झाले.

नीट पाहिलं तर पायऱ्या गवंड्यानं जास्त उंच केल्या आहेत. तीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही.

हे वर आले. एका दमात. म्हणाले, महादेवी, तू माझ्यासंगं पाण्याला चल, हळूहळू जमंल. मी म्हटलं, माझी रीत वेगळी आहे. खाली जाताना त्यांनी हात धरला. मी धरू दिला. पापड सगळे त्यांनीच पसरले, वेडेवाकडे.

१ मे, रविवार

आज खरंच मठापर्यंत चालत गेले. एकटी. कुणाला सांगितलं नाही.

वाटेत तीन ठिकाणी बसावं लागलं. पिठाच्या गिरणीपाशी, शाळेच्या फाटकापाशी, आणि तिसऱ्यांदा नुसत्या रस्त्याच्या कडेला, दगडावर. तीन इंटरवल म्हणजे प्रगती म्हणता येईल.

मठात अय्यांनी पाणी दिलं. त्यांच्याकडंही एक कळशीच होती. मी दोन घोट घेऊन बाकीचं परत ठेवलं. गाभाऱ्यात कुणी नव्हतं. मी लग्न होऊन या गावात आले त्या आठवड्यात सासूबाईंनी मला इथं आणलं होतं. आज पहिल्यांदा देवाकडं स्वतःसाठी मागितलं. मला इथंच राहू दे. दुसरं काही मागितलं नाही, जिल्हासुद्धा नाही.

परत येताना रिक्षा केली. ऊन होतं म्हणून.

९ मे, सोमवार. बसव जयंती

इरेश आला. मिरवणूक बघितली. पुरणपोळी. उद्या परीक्षा. बूट काढून ठेवले.

१० मे, मंगळवार

लिहायचं नव्हतं. पण खोडलेल्या वारांच्या डायरीतही पान कोरं ठेवणं मला जमत नाही.

दवाखान्याचा लांब व्हरांडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, सहा मिनिटं इकडून तिकडं चालायचं, जमेल तेवढं भरभर. बूट करकचून चावत होते. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीला टोकाशी बाकडं होतं, त्यावर मी बसले.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. काय होतंय आजी? छातीत दुखतंय का? मी म्हटलं, काही नाही, इंटरवल.

त्यांना कळेना. मी सगळं सांगितलं. कट्टा, दानम्मा, रत्नम्मा. चिवड्याचं नाही सांगितलं. त्या माझ्या शेजारी बाकड्यावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, आजी, इंटरवल म्हणजे थोडा वेळ भरभर चालायचं, थोडा वेळ हळू, पुन्हा भरभर. पाय न आपटता. हृदयाला सवय होते, दम वाढतो. चालायचं होतं, आजी. बसायचं नव्हतं.

मी विचारलं, दम वाढतो? म्हणाल्या, हो, वापरला की वाढतो.

इरेश भिंतीला टेकून उभा होता. तो हसला असता तर बरं झालं असतं.

मग यांची परीक्षा. धोतर आवरून, ते बूट घालून, व्हरांड्यात तुरुतुरु. कंपाउंडर बघायला बाहेर आला. शुगर उतरलेली, बीपी उतरलेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, अप्पा, कसं केलंत? हे म्हणाले, तुम्हीच सांगितलं की. रिकाम्या कॅननं जोरात, भरल्या कॅननं हळू.

मी एवढंच म्हणते, की तो कागद मराठीत लिहायला पाहिजे होता. जिल्हा झाला की वर तक्रार करीन.

संध्याकाळी निर्णय. मला वाटलं होतं, एकजण नापास म्हणजे दोघं पुण्याला. निदान भांडायला माणूस असेल. पण इरेश म्हणाला, आई, तू माझ्यासोबत चल, तिथं मोठ्या डॉक्टरांना दाखवू. अप्पांना राहू दे, त्यांना इथं मानवलंय.

मी म्हटलं, यांना साधा चहा येत नाही. हे म्हणाले, येतो की.

केला. प्यायले. बरा होता.

१२ मे, गुरुवार

बांधाबांध. रत्नम्मा कट्ट्यावर माझ्या जागी बसायला लागली आहे. ऊन तिकडं कमी लागतं, म्हणाली. दानम्मा रडली. मग म्हणाली, अक्का, काळजी करू नका, अप्पांना भाकरी मी देत जाईन. मी म्हटलं, एकवेळच दे, सवय लागेल.

संकल्प : पुण्यात पहिल्या दिवसापासून चालायचं. जोरात, हळू, जोरात. पाऊस पडायच्या आत परत उदगीर.

१४ मे, शनिवार. पुणे

प्रवासाचा शीण. चालले नाही.

१७ मे, मंगळवार

खाली बगीचा आहे म्हणे. सूनबाई ऑफिसातून आल्यावर नेते म्हणाली. यायला उशीर झाला.

लिफ्टमधून एकटीनं उतरायची भीती नाही. बटण कुठलं दाबायचं तेवढं विचारायचं राहिलं.

२१ मे, शनिवार

आज चालले. हॉलच्या खिडकीपासून आतल्या खोलीच्या भिंतीपर्यंत. जोरात जावं तर चार पावलांतच भिंत येते. हळू जावं तरी येते. तरी चालले. खालच्या मजल्यावरची बाई वर आली, काही पडलंय का विचारायला. पाय आपटायचे नसतात हे लक्षात आलं.

बसले नाही. धाप लागली तरी बसले नाही. ही गोष्ट कुणाला तरी सांगावी म्हणून उदगीरला फोन लावला.

यांनी लगेच उचलला. आवाज मोकळा. म्हणाले, नगरपालिकेचं पाणी आलंय आत्ताच, महिन्यानं. नळाचा आवाज मला इथवर ऐकू येत होता, धो धो. मागं कुणीतरी हसत होतं, दानम्माच असणार.

मी म्हटलं, आज मी चालले. बरं का, न बसता. आता सांगा, मी कधी येऊ?

म्हणाले, दम धर जरा, पाणी भरून घेतो.

आणि फोन बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला, चालूच. मी धरून उभी राहिले. एक कळशी भरल्याचा आवाज आला. दुसरी भरल्याचा आला. मग नळ बंद झाला, मग दार लागल्याचा आवाज, आणि मग नुसतं उदगीर ऐकू येत राहिलं. एक रिक्षा, कुत्रं, कुणाचा तरी टीव्ही.

सूनबाई म्हणाली, आई, कोण आहे फोनवर?

मी म्हटलं, कुणी नाही. घर आहे.