कुणाच्याच वाट्याला न आलेली खाट

४ ऑक्टोबर
आले एकदाची. बढतीची नोकरी, राहायला दोन खोल्या, खिडकीतून टेकडी दिसते. सामान लावता लावता ताईला फोन केला. ती म्हणाली, आता तरी दुसऱ्यांना काम सांगायला शिक, सगळं स्वतःच्या अंगावर ओढून घेऊ नकोस. वॉर्ड लांबट आणि उजेडाचा. इन्चार्ज सिस्टर म्हणून पहिल्यांदाच किल्ल्या कमरेला लागल्या, छान वाटलं. मुली कामसू आहेत, पण हव्यात त्याच्या निम्म्या. सगळ्यांत धाकटीला चिमणी म्हणतात, तिच्या तोंडाला विसावा म्हणून नाही. वॉर्डातल्या मावशी मात्र मोजकंच बोलतात.

७ ऑक्टोबर
सकाळी मुलींना खाटा वाटून दिल्या. दोघी आजारी, त्यामुळे शेवटची खाट कुणाच्याच वाट्याला येईना. तिथे शिंपीकाका आहेत, खुब्याचं हाड मोडलेलं, पण खुशीत. माझा खांदा नजरेनं मोजून म्हणाले, गणवेश डावीकडे उतरलाय, शिवणाऱ्याला सांगा. मी स्वतः बघते म्हटलं आणि दुपारपर्यंत फिरकले नाही. अपराधी मनानं गेले, तर चादर बदललेली, पाठ पुसलेली, केस विंचरलेले. मुलींपैकी कुणीच केलं नव्हतं. काका म्हणाले, एक सिस्टर येऊन गेल्या, हात फार गार त्यांचे.

९ ऑक्टोबर
शिंपीकाका गेले. परवा घरी जायचे होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. मावशींना खोदून विचारलं, तेव्हा चादरीची घडी घालता घालता त्या बोलल्या.
"जो रोगी तुम्ही कुणाला वाटून देत नाही, त्याला ती घेते."
माझ्या आधीच्या इन्चार्ज बाईंनाही ठाऊक होतं म्हणे. मी रागावले. शिकल्यासवरल्या मुलींसमोर असलं काही बोलू नका म्हटलं. मुली खाली बघत होत्या. त्यांनाही ठाऊक होतं.

१२ ऑक्टोबर
आज पुन्हा हात कमी पडले. कुणाला मागे ठेवू? बेशुद्ध असलेल्या आजींना ठेवलं. त्यांना भेटायला कुणी येत नाही, त्या तक्रार करणार नाहीत. हा विचार मी केला, अगदी शांतपणे केला.
दुपारी भर उजेडात पाहिलं. आजींच्या खाटेवर एक पांढरी पाठ वाकलेली, डोक्यावर जुन्या पद्धतीची टोपी. आम्ही टोप्या घालणं कधीच सोडलंय. हाक मारली, ती वळली नाही. पोचले तेव्हा कुणी नव्हतं. चादरीचे कोपरे इतके घट्ट खोचलेले, की खाली बोट जाईना.
संध्याकाळी आजी गेल्या.

१३ ऑक्टोबर
मोठ्या डॉक्टरांकडे गेले. माणसं द्या, नाहीतर खाटा कमी करा म्हटलं. मग जे पाहिलं तेही सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.
"मागच्या बाईंनी कधी खाटा कमी करा म्हटलं नाही. कुणाला शेवटी ठेवायचं, तेवढं त्या नीट बघायच्या. अधिकार म्हणजे तेच असतं, सिस्टर."


१४ ऑक्टोबर
ठरवलं. माझ्या हातून कुणी मागे राहणार नाही. उरेल ती खाट माझी.

१७ ऑक्टोबर
आज तीन खाटा माझ्याकडे. नवीन रोगी येतच आहेत, वर सांगून उपयोग नाही. कुणी दगावलं नाही. जेवण राहिलं. ताईचा फोन राहिला.
ती आता दारात उभी असते. हात पुढे बांधून. घाई नाही तिला.

१९ ऑक्टोबर
अंगात ताप. मावशी म्हणतात, रजा घ्या. घेऊ, पण खाटा कुणाला देऊ? चिमणी हल्ली बोलत नाही. दोघींचं काम एकटी ओढते. आज उभ्या उभ्याच तिचा डोळा लागला.
दारात ती— एक पाऊल आत.

२० ऑक्टोबर
कपाटापाशी पडले. चिमणीनं शेवटच्या खाटेवर निजवलं. म्हणाली, आजचं वाटप मी करते, तुम्ही पडून राहा. पडल्या पडल्या ऐकत होते. शहाणी पोर, एकही रोगी सोडला नाही.
मी रोगी नाही. माझं नाव कुणी—

दुपार
चिमणीला हाक मारली. आवाज फुटत नाही. ती पलीकडच्या खाटेशी, पाठ माझ्याकडे—

पायांकडून चादर ओढली जातेय. उजवा कोपरा. डावा—
सांगितलं तिला, मी रोगी नाही. मी इन्चार्ज आहे. उद्या मला खाटा वाटायच्या—

माझी उशी सारखी केली. पहिल्यांदाच बोलली. दमलेला आवाज, अगदी आपल्यातल्या कुणाचा असावा तसा. म्हणाली, मीही इथं इन्चार्जच होते, मी पडले त्या दिवशी मलाही कुणी—