काट्यावरच्या कम्प्युटरची सीडी

प्रिय बाबा,

आज पुन्हा उरल्याच्या कारखान्यावरून बोलावणं आलं, म्हणून लिहून राहिली. हे तुमाले नाही तर कोणाले सांगू? आईले सांगितलं की ती रडते.

वजनकाट्यावरचा तो तुमचा जुना कम्प्युटर! लाईट गेली, आली, अन् स्क्रीनवर नुसते पट्टे. बाहेर लोखंडाचे ट्रक खोळंबलेले, ट्रकवाले हॉर्न वाजवून राहिलेले. तुम्ही गेल्यापासून हे सारं माझ्याच मागं काहून लागलं? लहानपणी तुमच्या बाजूले बसून, कम्प्युटर अडकला की एफ-एटचं बटन दाबायले शिकली, एवढंच ना?

पुण्याची नोकरी हातात आहे. काट्यावरचे मुनीमजी म्हणतात, दीदी, आप चली गईं तो कांटा बंद. आई पाहुण्यांसमोर सांगते, पोट्टीनं बापाचं काम सोडलं नाही. असं कौतुक झाल्यावर नाही कसं म्हणायचं? अडकली मी, बाबा.

आज तुमच्यासारखंच केलं. सेफ मोडमध्ये गेली, रंग दाखवणारा प्रोग्राम, तो डिस्प्ले ड्रायव्हर, काढून टाकला. मशीन साध्या सोळा रंगांवर चालू झाली. अक्षरं मोठी, भडक, पण वजन दिसत होतं, पावती निघत होती. आता तुमची सीडी टाकली की सारे रंग परत. सीडी हातात घेतली अन् थांबली.

बाबा, दर वेळी बिघडतो तो या सीडीतलाच ड्रायव्हर. साध्या रंगांवर राहू दिलं असतं तर कोणाले बोलवायची वेळच आली नसती. तुमाले माहीत नव्हतं? तुम्ही तर पट्टे पाहूनच बिमारी ओळखायचे! मग वजनाच्या पावतीले एवढे रंग कशाले?

रिटायर झाल्यावर उरल्याचा फोन आला की तुम्ही कसे झटक्यात इस्त्रीचा शर्ट घालायचे, ते आठवलं. आईले म्हणायचे, "माझ्याशिवाय यांचं भागत नाही."

मले लय राग आला तुमचा. मग तिथंच, त्या धुळीच्या खोलीत, रडू आलं. तुमाले बोलावणं पाहिजे होतं, बाबा. मले नाही.

मुनीमजींनी विचारलं, "पापावाला रंग नहीं लगाओगी?"

मी सांगितलं, सीडी खराब झाली.

ती माझ्या पर्समध्ये आहे. तुमची आहे, जपून ठेवीन, शब्द देते. पण पुण्याले जाताना सोबत नेईन. इथं कोणाच्या हाती लागू देणार नाही.

तुमची पोट्टी,
मीनू