एकेचाळीस चांगल्या गोष्टी

प्रिय ठकू,

जिंकलो. एक-शून्य. हे आधी लिहून टाकते, कारण काल दुपारपासून दिसेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे आणि आता घरात ऐकणारं कोणी उरलेलं नाही. तुझे बाबा वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जाऊन बसलेत आणि जाताना दार ओढून घेतलंय. तेवीस सामने, बाई. तेवीस सामने आमचे पिवळे फुटबॉलवाले जिंकले नव्हते. मागच्या वेळी जिंकलो तेव्हा मी अजून नोकरीत होते, माझा गुडघा शहाण्यासारखा वागत होता आणि मैदानातल्या आमच्या स्टँडवरच्या पत्र्याला एकच भोक होतं. आता गुडघ्याबद्दल न बोललेलं बरं, आणि भोकं मोजायचं आम्ही सोडून दिलंय. घसा तर असा बसलाय की सकाळी शेजारीण विचारून गेली, घरात कोणी पाहुणे आलेत का, पुरुषाचा आवाज येत होता म्हणून.

तू म्हणशील, इथे माझं दुकान बंद पडलंय आणि आईला गोल सुचतायत. तसं नाही गं. काल शेवटच्या वीस मिनिटांत मला तुझ्या धंद्याबद्दल जे कळलं ते तू चार वर्षं समजावून कळलं नव्हतं. ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण आधी तुझी केस मला नीट समजलीय का ते बघ. ड्यूटी बदलताना पेशंटची हकिकत आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायची, ही माझी वॉर्डातली तीस वर्षांची सवय आहे, ती निवृत्त झाल्यावरही जात नाही. तर, घरात घालायच्या लोकरी चपलांचं तुझं ऑनलाइन दुकान वेबसाइटवाल्यांनी एका सोमवारी सकाळी बंद केलं. कारण त्याआधीच्या शनिवारी अर्ध्या तासात तुझ्या चपलांवर एकेचाळीस रिव्ह्यू आले. सगळे पाच स्टारचे, सगळे एकाच जागेवरून; ती जागा कुठली ते त्यांनी तुला सांगितलं नाही. लिहिणाऱ्यांपैकी एकानेही चपला विकत घेतलेल्या नव्हत्या. एका महाभागाने तर लिहिलं होतं की भर पावसात वापरल्या, आत थेंबही शिरला नाही. लोकरीच्या चपला! त्यांनी तुला खोटारडी ठरवलं आणि येत्या शुक्रवारपर्यंत खुलासा मागितला. तो पटला नाही तर दुकान कायमचं बंद. तेरा दिवस झाले. तुझ्या मागच्या खोलीत कापून ठेवलेल्या तळव्यांचा ढीग तसाच पडलाय, शिवणयंत्रावर तू चादर टाकलीयस, आणि हे काम कोणाचं हेही तू ठरवून टाकलंयस.

मला माहीत आहे तुला कोणाचा संशय आहे. शिवण शिकायला तुझ्याबरोबर जायची ती तुझी मैत्रीण. तुझ्या पहिल्या जोडाचा कागदी साचा तिनेच कापला होता, आपल्या स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथी पडून. गेल्या वर्षी तिने स्वतःचं चपलांचं दुकान काढलं आणि तेव्हापासून तुम्ही एकमेकींचं तोंड बघत नाही. तुला बदनाम करायला तिनेच खोटे रिव्ह्यू टाकले, असं तू शुक्रवारी लिहून देणार आहेस. ठकू, तिचं नाव अजून लिहू नकोस. हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग काय ते ठरव.

आता माझ्याबरोबर मैदानावर चल. तू लहानपणी दोनदा आलीस आणि दोन्ही वेळा माझ्या मांडीवर झोपलीस, म्हणून सगळं सांगावं लागतं. आमचा स्टँड म्हणजे सिमेंटच्या नऊ पायऱ्या. पाठीमागे कारखान्याची भिंत, समोर मैदान, आणि डावीकडच्या गोलच्या मागे चहाची खिडकी. आम्ही नेहमीचे चाळीसेक जण. लीगमध्ये आम्ही तळाला, आणि आमच्या खाली कोणी नाही ही एकच गोष्ट पक्की. पण आमची एक रीत आहे. हरलो तरी शेवटचा खेळाडू आत जाईपर्यंत उठायचं नाही, आणि गेटबाहेर पडण्याआधी प्रत्येकाने एका तरी खेळाडूला गाठून एक चांगली गोष्ट सांगायची. ती खरी असलीच पाहिजे अशी अट नाही. पंधरा दिवसांपूर्वी शून्य-पाच असं सडकून हरलो, तेव्हा मी गोलकीपरला म्हटलं, बाळा, तुझी किक काय लांब जाते. त्याने चेंडू भिंतीपलीकडे कारखान्याच्या आवारात घालवला होता. ही रीत सुरू कोणी केली मला ठाऊक नाही, पण जोपासली मी. वॉर्डात माणूस पांढराफटक पडलेला असायचा आणि मी म्हणायचे, आज चेहऱ्यावर काय तेज आहे. त्याने कोणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नव्हतं.

त्या शून्य-पाचच्या सामन्याला आमच्या नव्या कोचबाई पहिल्यांदा आल्या होत्या. मुलींच्या शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, गळ्यात शिट्टी, आणि बोलणं असं की समोरचा आपोआप पोट आत घेतो. त्या दिवशी त्यांनी नुसतं सगळं पाहून घेतलं. पुढच्या शनिवारी मात्र सामन्याआधी थेट आमच्या पायऱ्या चढून आल्या आणि म्हणाल्या, तुमची ही वाहवा आजपासून बंद. माझी मुलं बावीस सामने ऐकतायत की ती छान खेळतात, मग ती सुधारतील कशाला? त्यांनी प्रत्येकाच्या हातात कागदाचा एक चिटोरा दिला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक खरी गोष्ट लिहा, बरी असो नाहीतर वाईट. आम्ही लिहिलं, खूप छान धावतात. त्यांनी चिटोरे परत केले. मी परत लिहिलं, खूप मन लावून धावतात. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी पहिली हेडसिस्टर आठवली.

एकच चिटोरा त्यांनी खिशात ठेवला आणि तो चहाच्या खिडकीतल्या मावशींचा होता. ह्या मावशी अकरा वर्षं गोलच्या मागे उभ्या आहेत. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, गोल झाला की गिऱ्हाईक वाढतं एवढंच कळतं. त्यांनी लिहिलं होतं, तुमचा गोलकीपर पेनल्टीच्या आधी उजवा पाय जरासा मागे घेतो, की समजायचं हा आता डावीकडे पडणार; मला किटली उचलायच्या आधीच कळतं. म्हणजे बघ, आम्हाला इतके सामने दिसलं नाही ते कपबशा विसळता विसळता त्यांनी पाहिलं. आणि त्यांना दिसतं ते समोरच्या संघांना दिसत नसेल? तेच तर सगळे उजवीकडे मारून मोकळे होत होते. आठवडाभर कोचबाईंनी त्या पोराला पाय रोवून उभं राहायला लावलं. म्हणे त्याच्या बुटांभोवती खडूने गोल काढले होते.

आणि काल! मध्यंतरानंतर आमचा एक फटका त्यांच्याच खेळाडूच्या पाठीला लागून आत गेला. गोल तो गोल, आम्ही नाकं मुरडत बसलो नाही. मग वीस मिनिटं राहिली असताना पंचाने आमच्या विरुद्ध पेनल्टी दिली. मी पाचव्या पायरीवर उभी, शेजारच्या बस ड्रायव्हरचा दंड माझ्या मुठीत. मला गोलकीपर दिसतच नव्हता, मी नुसती त्याच्या उजव्या पायाकडे बघत होते. पाय हलला नाही. मारणारा गोंधळला, दोन पावलं जास्त धावला आणि त्याने चेंडू सरळ आमच्या पोराच्या पोटावर मारला. मला वाटतं मी त्या ड्रायव्हरचा मुका घेतला. तो काही बोलला नाही, तेव्हा तूही बाबांना सांगू नकोस.

कळतंय का तुला मी काय म्हणतेय? चाळीस माणसांचं कौतुक एका पारड्यात घाल आणि मावशींचा तो एक चिटोरा दुसऱ्यात. मला तिथेच, सगळे नाचत असताना, तुझा तो टपालवाला आठवला. दिवाणखान्यात घालायला म्हणून त्याने तुझा जोड घेतला होता आणि तीन स्टार देऊन लिहिलं होतं की दिवसभर चालून आलेला पाय सुजलेला असतो, संध्याकाळी टाच मावत नाही आणि दोन महिन्यांत मागची कड दुमडते. तू फोनवर रडलीस. मी काय म्हटलं? जळतात गं लोक, लक्ष देऊ नकोस. चुकलं माझं. अगं, तो तुझी खिडकीतली मावशी होता. सुजलेले पाय मी तीस वर्षं पाहिले आहेत, तो शंभर टक्के खरं बोलत होता. दुकान परत उघडलं तर त्या माणसाला पहिला फोन कर. त्याला पैसे परत देऊ नकोस, त्याला विचार, किती वाजता सुजतो, कुठे दुमडते, दाखवता का. असा एक टपालवाला मिळाला तर धंदा टिकतो. आमच्यासारखे टाळ्या पिटणारे चाळीस मिळाले तर काय होतं ते तू भोगतेच आहेस.

हो, आमच्यासारखेच. ते एकेचाळीस आम्ही होतो, ठकू. शून्य-पाचच्या दिवशी सकाळी तू फोनवर म्हणालीस की आठ दिवस झाले, एकही ऑर्डर नाही. तुझा आवाज माझ्या डोक्यातून जात नव्हता. सामना संपला, सगळे रीतीप्रमाणे खाली उतरायला लागले, आणि मी हुकूम सोडला की आज खेळाडूंकडे जायच्या आधी प्रत्येकाने माझ्या मुलीच्या दुकानाला एक चांगली गोष्ट सांगायची. बस ड्रायव्हरने पायरीवर उभं राहून कुठे काय दाबायचं ते मोठ्याने वाचून दाखवलं. पावसातला रिव्ह्यू त्याचाच. मला वाटलं, मी तुला केवढा आधार दिला. सोमवारी तुझा फोन आला, दुकान बंद झालं म्हणून. त्यानंतर मी तुला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा जेवलीस का एवढंच विचारून ठेवून दिला. पेशंटच्या नातेवाइकांना नको नको ते सांगितलंय मी, पण तुला हे सांगता येईना. बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ते रोज सकाळी एकच विचारतात, तू सांगतेस की मी सांगू? काल जिंकल्यावर सगळे चहाच्या खिडकीशी गळ्यात गळे घालून उभे असताना मी त्यांना सांगितलं, आपण काय करून बसलोय ते. मग कोचबाईंनी कागद मागितला. सोबत तो जोडलाय. त्यात लिहिलंय, हे रिव्ह्यू आम्ही लिहिले, आमच्यापैकी कोणी चपला घेतल्या नव्हत्या, दुकानदार बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. खाली एकेचाळीस सह्या आणि एकेचाळीस फोन नंबर. आपापले रिव्ह्यू सगळ्यांनी तिथेच काढून टाकले. वेबसाइटवाल्यांना हे पटेल की नाही मला सांगता येत नाही. पण शुक्रवारी हा कागद पाठव, आणि तुझ्या मैत्रिणीचं नाव त्यात येऊ देऊ नकोस. तिचा यात काडीचाही संबंध नाही, हे तुला वेळेत कळावं म्हणून हे पत्र लिहायला बसले.

आणि एक राहिलं. त्या एकेचाळीसांतला पहिला रिव्ह्यू माझा. मी लिहिलं होतं, दिवसभर घालते, काढाव्याशा वाटत नाहीत. ठकू, तू दिलेला जोड मी दिवसभर कधीच घातलेला नाही. तू येणार असलीस की जिन्यात तुझी पावलं ऐकून मी तो कपाटातून काढते. डाव्या अंगठ्याशी आतली शिवण टोचते. चार वर्षं टोचतेय. काल घरी आल्यापासून घालून बसलेय आणि कुठे टोचते ते पावलाचं चित्र काढून त्यावर खूण करून पाठवतेय. चित्र बरं नाही, पण खूण बरोबर जागी आहे.

कितीही रागावलीस तरी तुझीच,
आई