मन्यारणीचं दार

माय, आज सकाळी तुझी नात चळवळीच्या फेरीला गेली. दारात अडवून मी तिला म्हटलं, बांगड्या काढून ठेव, पदर खोच, भिंतीच्या कडेनं चाल. तिनं चकार शब्द न काढता बांगड्या फडताळात ठेवल्या नि निघाली. एवढी शहाणी पोर माझ्या पोटी कशी, याचं हसू आलं. मग घर रिकामं झालं आणि हसूही गेलं. तुला जाऊन दहा वर्षं होतील, तिच्या वडिलांना तीन. बोलायला कुणी नाही, म्हणून तिच्या जुन्या वहीत लिहिते आहे.

हे सगळं तूच मला सांगितलं होतंस. तुझा जावई तेव्हा धुळ्याच्या तुरुंगात होता आणि मी बायकांच्या मिरवणुकीत जायला निघाले होते. तू मिरच्या वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला निघालेली, डोक्याला फडकं बांधलेलं. म्हणालीस, "बांगड्या काढी ठेव. रेटारेटीमा काच हातमा घुसस. लोके पळनात ते तू मव्हरे पळू नको, बाजूले सरक. मन्यारनीनं दार उघडं ऱ्हाई." नवरा कैदेत असताना सवाष्णीनं हात मोकळे करायचे? माझं डोकंच फिरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "तुन्हा हात रिकामा शेतस, म्हनीसन मन्हा बी करस का?" मी बांगड्यांसकट गेले.

चौकात लाठ्या चालू झाल्या. बायका पुढे पळाल्या, एकीवर एक पडल्या. माझा हात कुणाच्या तरी अंगाखाली सापडला आणि काच मनगटात गेली. तेव्हा तुझं बोलणं आठवलं. मी बाजूला सरकले, भिंत धरून चालले, आणि बांगड्या भरणाऱ्या त्या मन्यारणीचं दार खरोखर नुसतं लोटलेलं होतं. आत तू बसलेली. त्या दिवशी तू पथारीवर गेलीच नव्हतीस. सकाळपासून तिथंच होतीस, मी तोडून बोलल्यावरसुद्धा.

रोजच्या मिरच्यांनी तुझी बोटं कायमची तिखट. ती जखमेला लागू नयेत म्हणून तू माझं मनगट तोंडाशी नेलंस आणि दातांनी एकेक काच काढलीस. तुझ्या ओठाला रक्त आलं, माझं की तुझं कोण जाणे. मग पट्टी बांधून तू मन्यारणीला म्हणालीस, "इले दुसऱ्या बांगड्या भरी दे, बहीन. इना धनी जित्ता शे." ती माझा दुसरा हात घेऊन बांगड्या भरायला लागली, तशी तू उठलीस आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस. विधवेची नजर पडू नये म्हणून. शेवटची बांगडी चढेपर्यंत तू वळली नाहीस.

मन्यारीण आता नाही, तिची सून आहे. काल तिला सांगून आले, दार लोटूनच ठेव. फेरी चौकात यायच्या आत मला तिथं जाऊन बसायचंय. ही वही फडताळात पोरीच्या बांगड्यांखाली राहील.

तुझी माफी मागितली नाही, हे तर तुला ठाऊकच आहे. दुसरं ठाऊक नसेल. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस ना, माय, तेव्हा मला बरं वाटलं होतं.